सोंगाचं नाव

एफी पार्डीने आपला थोरला लिएंडर पुरला, ते साल १९९८. त्याच शरदात शहरातल्या डॉक्टरांनी न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत रक्त गोळा करायला नर्स पाठवली. सेलिना तिचं नाव, पलीकडच्याच खाडीतली मुलगी. पार्डी घराण्यातले पुरुष चाळिशीच्या आत चालता-बोलता कोसळतात, हे आम्हाला आजोबांपासून ठाऊक होतं. हृदयातला तो दोष रक्तात शोधायचं काम डॉक्टरांनी हाती घेतलं होतं. त्याला हातभार म्हणून चर्चच्या बायका दर शनिवारी हॉलमध्ये जेवण घालत आणि जमतील ते पैसे शहरात धाडत.

धक्क्यावर धुकं होतं. सेलिनाचा पाय घसरला, हातातला खोका सुटला — आणि कोणीतरी तो पाण्यात पडायच्या आत झेलला.

"काय आहे यात? मासे?"

"तुम्ही पार्डी ना? नाकच सांगतंय. तुमच्या चुलत्यांचं रक्त आहे त्यात."

"असं होय." त्याने खोका हळूच परत दिला. "एवढं गप्प मी त्यांना कधी पाहिलं नाही."

तो हेडली, एफीकाकूचा धाकटा. तीन भावांत आता एकटाच उरलेला.

सेलिना एफीकाकूकडेच राहायला होती. शनिवारच्या जेवणाला हेडली मासे आणून द्यायचा, बटाटे सोलायचा, सेलिनाचं ताट शिगोशीग भरायचा. बाही मात्र वर करायचा नाही.

"बाही सरका की, पार्डी."

"थंडी वाजते, नर्सबाई."

"शेगडी पेटलीय."

"मग तुम्ही बसा तिच्याजवळ... मी बघत बसतो."

ती हसायची. पण तो जिना चढून आला की त्याच्या श्वासाकडे तिचे कान लागायचे, आणि मग हसू टिकायचं नाही.

एकदा बर्फातून घरी येताना तो फाटकाशी थांबला. "वाईट निघालं तर, सेलिना? मग तुला... कोणत्या तोंडाने विचारू?"

"आत्ता विचार."

"काही कळल्याशिवाय तुझ्या गळ्यात पडू? लिएंडरमागे वहिनीचे हाल बघतोय मी."

"म्हणजे तपासायचंही नाही आणि विचारायचंही नाही."

तिने फाटक जरा जोरातच लावलं.

नाताळात आमच्याकडे लोक वेश पालटून सोंगं घेतात; सहा जानेवारी हा त्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सेलिना जाणार होती. संध्याकाळी हॉलमध्ये सोंगं शिरली. तोंडावर पडदे, पोटाला उशा, आणि आवाज कळू नये म्हणून श्वास आत ओढत बोलणं. सोंगाचं तोंड कोणी उघडायचं नसतं. नाव बरोबर ओळखलं, तर त्यानेच उघडायचं.

फुलाफुलांच्या घागऱ्यातलं एक धिप्पाड सोंग तिच्या खुर्चीसमोर येऊन बसलं आणि त्याने हात पुढे केला. अंगठ्यावर गळ रुतल्याची, तिच्या ओळखीची जुनी खूण होती. तिच्या बोटांखाली नाडी सुसाट पळत होती.

"दुकानदार बेंजामिन?" तिने दंडाला पट्टा बांधला.

सोंगाने मान हलवली.

"मग पाद्रीबाबा. घागरा शोभतोय, बाबा."

घागरा हसून गदगदला. तेवढ्यात तिने सुई घातली. नळी भरली.

"आता नाव लागेल," ती हळू म्हणाली. "नावाशिवाय हे रक्त कोणाचंच नाही."

"घे ना मग नाव." आत ओढलेला आवाज कापत होता.

दारात एफीकाकू हातात थाळी घेऊन उभी होती. आपला घागरा तिने केव्हाच ओळखला होता.

सेलिनाने नळीवरच्या चिठ्ठीला पेन टेकवलं. "निकाल काहीही लागो... मी ज्याच्याशी लग्न करणार आहे, तो."

"असं चालत नाही. नीट घे."

"हेडली पार्डी."

त्याने पडदा वर केला. चेहरा पांढराफटक पडला होता. "आधीचं परत म्हण."

तिने परत म्हटलं.

निकाल नकोसाच आला. वसंतात शहरातल्या डॉक्टरांनी त्याच्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवलं, आणि जूनमध्ये त्याच हॉलमध्ये लग्न झालं. पुढे एकदा होडीतच त्याचं हृदय अडखळलं. यंत्राने असा धक्का दिला की तो आडवा झाला, मग शिव्या घालत उठला आणि जाळं ओढू लागला.

एफी पार्डी २०१८च्या मार्चमध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी झोपेत वारली. नवरा आणि दोन मुलगे तिने पुरले होते. तिच्या शवपेटीला हेडलीने खांदा दिला.