टीलबारची हजेरी

सकाळी सात वाजता रेडिओवर हजेरी घेणं हे माझं काम. एकोणीस वर्षं घेते आहे. गावाबाहेर आमच्याकडे एका घरापासून दुसरं घर पन्नास-साठ किलोमीटरवर. मी घराचं नाव घ्यायचं, त्यांनी "ठीक" म्हणायचं, की पुढचं नाव. ठीक म्हणणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारत नाहीत. विचारलाच, तर तो माणूस महिनाभर तुमच्याशी धड बोलत नाही.

या मार्चमध्ये आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. तो पडला उत्तरेला, आठशे किलोमीटरवर, आणि ते पाणी निळ्या आभाळाखालून, लख्ख उन्हात, काही आवाज न करता आमच्या सपाट रानावर पसरत आलं. मेलेल्या मेंढ्यांचा वास गावात भरून राहिला. बारा घरं पाण्यात अडकली. हेलिकॉप्टर एकच, फर्गसचं, आणि इंधन दिवसाला एका खेपेपुरतं. आधी कुणाकडे जायचं ते हजेरीवरून मीच ठरवत होते.

त्या बारांपैकी टीलबार या घरात माझा धाकटा भाऊ लायल एकटाच राहायचा. तो आणि त्याची कुत्री नगेट.

"नोरे, चहा ढोसून झाला असेल तर आमचंही नाव घे की!" पहिल्या सकाळी तो ओरडला.

"पाणी कुठवर आलंय?"

"तिसऱ्या पायरीवर. नगेटला पोहायला शिकवतोय. नाहीतर तीच मला शिकवेल." मागे नगेट भुंकत होती. मी हसले.

दुसऱ्या सकाळी तो म्हणाला, "ठीक आहे, नोरीन. पाणी तिसऱ्या पायरीवर. आधी बाकीच्यांकडे बघ."

आवाज लायलचाच होता. पण त्यानं मला जन्मात कधी नोरीन म्हटलं नव्हतं. नगेटही भुंकत नव्हती. दुसरा प्रश्न अगदी जिभेवर आला होता... पण सगळा मुलूख ऐकत असतो. सख्ख्या भावाला चारचौघांत लाजवायचं कशाला, म्हणून मी तो गिळला. फर्गसला दिवस भरत आलेल्या एका बाईकडे पाठवलं.

तिसऱ्या सकाळी तेच शब्द. चौथ्या सकाळीही तेच. मी रोज लायलचं नाव यादीत तळाला टाकत गेले.

चौथ्या दिवशी फर्गस येताना त्या बाजूनं आला. "तुझा भाऊ दिसला लांबून. झाडावर चढून बसलाय बेटा! हॅट हलवत होता. मीही हात केला."

"झाडावर कशाला?"

"मेंढ्या शोधत असेल. छप्पर चमकत होतं उन्हात. आणि तूच म्हणालीस ना, ठीक आहे म्हणून?"

हेलिकॉप्टर दिसलं की आमच्याकडे सगळेच हॅट हलवतात.

सातव्या सकाळी ते शब्द पुन्हा ऐकले आणि मला राहवेना. तो ठीक म्हणाला तरी मी फर्गसला टीलबारला धाडलं. पाणी जरा उतरलं होतं. दुपारी तो परत आला आणि थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"नोरीन... त्यानं स्वतःला पट्ट्यानं फांदीला बांधून घेतलं होतं."

"अरे, पण सकाळीच तो माझ्याशी..."

"घरात आढ्यापर्यंत चिखल आहे. रेडिओ भिंतीवरून उखडून खाली पडलाय, वायर तुटलीय. पहिल्याच रात्री गेलं असणार सगळं." त्यानं लायलचा चाकू माझ्या टेबलावर ठेवला. "फांदीवर खाचा केल्यात. रोज सकाळी एक, अशा. पाच आहेत."

पाच सकाळी माझा भाऊ जिवंत होता. तो उन्हात हॅट हलवत होता, आणि त्याच सकाळी त्याच्याच आवाजात कुणीतरी मला सांगत होतं, आधी बाकीच्यांकडे बघ. आणि मी बघितलं. एक प्रश्न विचारला असता तर तो आज या खुर्चीत बसून मला चिडवत असता. हे मला मरेपर्यंत पुरेल.

आज आठवी सकाळ. रात्री उत्तरेकडून आणखी पाणी आलंय. मी टीलबारचं नाव गाळून हजेरी सुरू केली. पहिलं नाव म्हाताऱ्या व्हर्ना टलकचं. काल ती पीठ संपलं म्हणून माझ्याशी कचाकचा भांडली होती.

"ठीक आहे, नोरीन," ती शांतपणे म्हणाली. "पाणी तिसऱ्या पायरीवर. आधी बाकीच्यांकडे बघ."

व्हर्नाच्या घराला पायऱ्याच नाहीत.

मी रीत मोडली. "व्हर्ना, कुठली पायरी गं?"

बराच वेळ नुसती खरखर. मग, "आधी बाकीच्यांकडे बघ..."

मी बाकीच्यांना हाक मारली. दहाही घरं बोलली. बायका, पुरुष, प्रत्येक जण आपापल्या आवाजात. सगळे ठीक आहेत. सगळ्यांकडे पाणी तिसऱ्या पायरीवर आहे.

फर्गस दारात उभा आहे. टाकीत इंधन एका खेपेचं.

"सांग नोरीन," तो तिसऱ्यांदा विचारतोय, "कुणाकडे जाऊ?"