फ्लॅश बंद झाल्यावर

बस इथे, दिव्याजवळ. तुला घाबरवायला सांगत नाहीये, उलट दादाचे आभार मानायला सांगतेय. आता आभार मानताना अंगावर काटा येतो, त्याला मी काय करू?

माझा दादा फोटोग्राफर. आणि हट्टी तर असा, की विचारू नकोस. स्वतःच्या फोटोंची वेबसाइट त्याने स्वतःच बनवली, मला हात लावू दिला नाही. वेबसाइट बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम, बरं का! पण तेही त्यानेच शिकवलेलं. आपला चांगला कॅमेरा विकून त्याने मला पहिला कॉम्प्युटर घेऊन दिला. आईला म्हणाला, "ठमीला कळतंय त्यातलं, शिकू दे." ठमी म्हणजे मी. आज मी स्वतःच्या पायावर उभी आहे ती त्याच्यामुळे.

तो गेल्यावर आई रोज दुपारी त्याच्या स्टुडिओत बसून ती वेबसाइट बघायची. एके दिवशी तिने मला हाक मारली. फोटोंच्या जागी नुसती करडी चौकट.

"अगं, दादाने फोटो फ्लॅशमध्ये लावले होते. तो फ्लॅश आता बंद झालाय," मी म्हटलं.

आईने जरा विचार केला. "मग दिवसा उन्हात काढलेले तरी दिसतील ना?"

मला हसू आवरेना. फोटोग्राफरची आई ती, फ्लॅश म्हणजे तिला एकच ठाऊक, कॅमेऱ्यावरचा. मी समजावलं, की हा फ्लॅश म्हणजे फोटो दाखवायचा जुना प्रोग्राम, कॉम्प्युटर आता तो चालवत नाहीत. त्यातून फोटो काढून नव्या पद्धतीने लावून देते. आईचा चेहरा मात्र उतरला होता.

"त्याचा एकच फोटो आहे गं. तोही त्यातच."

खरं होतं. दुसऱ्यांचे फोटो काढण्यात जन्म गेला, स्वतःचा म्हणून नाही. एकदा आईनेच त्याचा कॅमेरा घेऊन त्याचा एक काढला होता, तोही भुवयांच्या वर डोकं कापलेला. त्याने खो खो हसत तो गॅलरीत शेवटी लावून टाकला. मूळ फोटोंची डिस्क केव्हाच बिघडली होती. म्हणजे जे काही होतं, ते वेबसाइटवरच्या त्या एका फाइलीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला बसले. बाहेर लख्ख ऊन, पण स्टुडिओच्या खिडक्यांना काळे पडदे... आत काळोख. धुळीचा वास, आणि त्यात लवंगेचा. दादा सतत लवंग चघळायचा. गिऱ्हाइकांना बसवायच्या स्टुलावर आई बसली, माझ्या मागे. मी फाइलीतून एकेक फोटो बाहेर काढायला लागले. नवरा-नवरी, रांगणारी बाळं, धुक्यातला पूल... सगळे नीट निघाले. शेवटचा निघाला तो काळाकुट्ट.

पुन्हा काढला. काळा. दुसरी युक्ती केली. काळाच. आईला आता तोंड कसं दाखवू?

"निघाला का गं?"

"निघेल," मी मान न वळवता म्हटलं.

तेव्हा तो आवाज सुरू झाला. आधी डासासारखा बारीक... मग चढत चढत... ईंऽऽऽ... दादाचा मोठा फ्लॅश चार्ज होताना असाच वाजायचा. पण तो फ्लॅश कपाटात होता, आणि त्याच्या बॅटऱ्या मी माझ्या हाताने काढून टाकल्या होत्या. लवंगेचा वास एकदम ताजा झाला... अगदी मानेजवळ.

"आई...?"

"हलू नकोस," आई हळूच म्हणाली. "तो हलू नका म्हणतोय."

आणि लख्खकन उजेड पडला. भिंती, पडदे, कीबोर्डवरचे माझे हात, सगळं पांढरं... मग परत काळोख. डोळे चोळून बघितलं, तर स्क्रीनवर दादा हसत होता.

आई स्क्रीनजवळ आली. चष्मा वरखाली केला. "अगंबाई! मी तर डोकं कापलं होतं याचं."

आता अख्खं होतं. कपाळ, विस्कटलेले केस, वर थोडी भिंतसुद्धा. जे कॅमेऱ्यात कधी आलंच नव्हतं, ते आलं कुठून? मी कपाट उघडलं. फ्लॅश जागच्या जागी होता. हात लावला, तर चटका बसला.

आई रडली, मीही रडले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू! पण त्याहून जास्त भरून आलं. कपाटासमोरच हात जोडून म्हटलं, "दादा, लाज राखलीस रे माझी."

नवी गॅलरी त्याच संध्याकाळी लावली. शेवटचा फोटो आला की 'पुढे'चं बटण नाहीसं होतं, मीच तसं केलंय. पण दादाच्या फोटोवर ते नाहीसं होत नाही. दाबलं की आणखी एक फोटो येतो, अंधारा, काही न दिसणारा. खाली एक ओळ असते, 'आई, हलू नकोस.' तो मी लावलेला नाही. काढून टाकला, तर सकाळी परत हजर.

आई खूश आहे. रोज दुपारी केस सारखे करून त्याच्यासमोर ताठ बसते. "माझा काढतोय," म्हणते, "येईल हळूहळू." तब्येत ठणठणीत आहे तिची, तसं काही नाही. पण तो फोटो रोज जरासा उजळतो... काल त्यात शेजारी शेजारी दोन माणसं उभी असल्यासारखं वाटलं. दादा, तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण घाई करू नकोस रे. अजून थोडे दिवस राहू दे तिला माझ्याकडे.