अंगठे राहिले

साथीचे दिवस होते. वॉर्डात पेशंटला एकाच माणसाने भेटायचं, तेही दुपारी, दारातल्या बेसिनवर हात धुऊन. गुंड्या आत्याला धुतलेले कपडे द्यायला आला होता. द्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि सटकायचं. त्याने नळाखाली बोटं ओली केली न केली आणि आत शिरला.

"परत जा," आत्या खाटेवरूनच म्हणाली. नाकाला ऑक्सिजनची नळी, पण आवाज तोच. जन्मभर पहिलीच्या पोरांची नखं तपासलेली बाई. "अंगठे राहिले."

गुंड्या मुकाट धुऊन आला. श्वास पुरत नाही, पण ओरडायला पुरतोय! त्याला कौतुकच वाटलं.

शेजारची खाट रिकामी होती.

"या काकू घरी गेल्या?"

"वर गेल्या." आत्याने आवाज खाली आणला. "काल एक पाहुणा आला. त्यांचा हात धरला… आणि झालं. हात न धुताच धरला रे मेल्याने! शोभतं का?"

गुंड्याला हसू आलं. तेवढ्यात दारातून गारवा आत आला, आणि कित्येक वर्षं न उपसलेल्या विहिरीचा वास. वॉर्डातली कुजबुज थांबली. आत्या त्याच्या खांद्यामागे बघत होती.

"अहो… नखं बघू."

गुंड्याने मान वळवली. मागे कोणी नव्हतं.

"हात लावायचा नाही. आधी धुऊन या."

दारातला नळ सुरू झाला. पाणी सरळ पडत नव्हतं, मध्येच कशावर तरी आपटून उडत होतं. हवेत फेस झाला. नळ बंद. गारवा पुन्हा खाटेपाशी.

"अंगठे राहिले."

नळ. फेस. गारवा.

"आणि बोटांच्या बेचक्यांत कोण धुणार? मी?"

पुन्हा नळ…

"आत्या," गुंड्याचे दात वाजत होते, "तो… ऐकतोय?"

"न ऐकून जातो कुठे!"

भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत हेच चाललं. मग गारवा निघून गेला. नियम म्हणजे नियम.

आत्या बरी होऊन घरी आली. गुंड्या आता कोपरापर्यंत हात धुतो.

एका दुपारी दोघं चहा पीत होती, आणि मोरीतला नळ आपोआप सुरू झाला. बराच वेळ चालला. विहिरीचा वास आला. आत्याने चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं. ढ पोराला एकदाची बेरीज जमावी, तसा तिचा चेहरा फुलला.

"वा! आज अंगठेसुद्धा…"

"बेचक्या! बेचक्या राहिल्या!" गुंड्या किंचाळला.

"खोटं बोलू नकोस. लख्ख धुतलेत त्यांनी." आत्याने हात पुढे केला, मग थबकून स्वतःच्याच नखांकडे पाहिलं. "थांबा हं. माझेच राहिलेत."

ती उठली आणि मोरीतल्या नळापाशी गेली.

अजून धुतेय. घाईघाईत धुणं तिच्या रक्तातच नाही. गुंड्या साबण संपू देत नाही. आणि तिच्या मागे, खुंटीवरचा टॉवेल हवेत उलगडून धरलेला आहे… अदबीने.