पुटी वाळेपर्यंत

पेट्रोलपंपामागच्या नळावर दोघं एकदमच पोचले — तिच्या हातात कॅन, त्याच्या हातात बादली.

"आधी तुम्ही," तो म्हणाला. "तुमची गाडी माझ्यापेक्षा तहानलेली दिसतेय."

तिनं वळून पाहिलं. घरगाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं साचलं होतं! चाकांवरचं ते इवलंसं घर — आत पलंग, शेगडी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा — बाबांनी सहा वर्षं खपून उभं केलं, आणि एकदाही बाहेर न काढता ते गेले. त्यांनी नकाशावर गोल करून ठेवलेल्या तळ्याकडे ती रजा टाकून एकटीच निघाली होती. पण बाराव्या दिवशी जीव नुसता मेटाकुटीला आला होता. आधी पंक्चर, मग बॅटरी, आता रेडिएटर... दुष्काळात तेरावा महिना! सकाळीच दादा फोनवर म्हणाला होता, "फिटली ना हौस? संध्याकाळपर्यंत सांग, गाडी ओढून आणायला माणूस पाठवतो. विकून टाकू एकदाची." आणि खरं सांगायचं तर ती 'पाठव' म्हणणारच होती.

"मी प्लंबर आहे हो," त्यानं आपल्या व्हॅनकडे बोट दाखवलं. "गळती दिसली की हात शिवशिवतात. बघू का?"

"बघा. पण हात लावायचा नाही. मीच करणार."

"बरं बाई, ही घातली हाताची घडी!"

इंजिन निवेपर्यंत ती थांबली. मग पाणी काढून टाकलं, चीर शोधली, पुसून कोरडी केली, पॉलिशपेपरनं घासली. त्यानं आपल्या पेटीतली गळती बुजवायची दोन रंगांची पुटी दिली. ती तिनं मळून एकजीव केली, अंगठ्यानं चिरेवर दाबून बसवली. पाकिटावरची सूचना वाचून तिनं पाकीट खिशात टाकलं.

"आता चार तास हलवायचं नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

"चार?"

"चार... म्हणजे कमीत कमी."

ती पायरीवर बसली. तो बादली उपडी घालून समोर.

"नाकावर काळं लागलंय."

"असू दे. पुसायचंही त्राण नाही..."

त्यानं रुमाल भिजवून पुढे केला, आणि उगाच दुसरीकडे बघत राहिला. पंपावरचा चहा आला. गप्पा निघाल्या — बाबांच्या, तळ्याच्या, त्याच्या आईला सून हवी आहे त्याच्या. बोलता बोलता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मानेखाली त्याच्या जाकिटाची घडी होती, आणि ऊन उतरलं होतं.

फोन वाजला. दादाच.

"नको पाठवूस," ती म्हणाली. "मी पुढे जातेय."

तिनं पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. दोघं वाकून बघत राहिले. एक थेंबही नाही!

"एक कबूल करायचंय," तो कान खाजवत म्हणाला. "ती पुटी... तासाभरातच वाळते."

तिनं खिशातलं पाकीट काढून दाखवलं. "माहितीय. इथं लिहिलंय."

"मग बोलला नाहीत ते?"

"बारा दिवसांत मला 'जरा बस' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. तुम्ही बसवलंत... आणि मला उठावंसंच वाटेना. तुमच्याजवळून."

तो लाजला चक्क!

"तळ्यावरून याच वाटेनं परतेन," ती स्टेअरिंगवर बसत म्हणाली.

"पुन्हा गळायला लागली तर हाक मारा."

"नाही गळली तरी मारेन."