दोन आडवे, दोन उभे

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते. बहात्तर वर्षांची झाले, आता खोटं लिहून कुठे ठेवू?

मागच्या फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारचे पावणेतीन. मोशीहून चाकणला जाताना दानिशची शेड लागते. तिथे गाड्यांच्या रंगाला मशीननं पॉलिश करतात.

मी लग्न होऊन मोशीत आले, तेव्हा तिथे हरभऱ्याचं रान होतं. दुपारी इतकं शांत असायचं, की नदीवरचं धुणं ऐकू यायचं. आता तिथून रात्रंदिवस कंटेनर जातात.

त्या दुपारी मात्र पुन्हा तसंच शांत झालं...

माझा मुलगा निरंजन सहा वर्षं त्या शेडमध्ये पॉलिशचं काम करायचा. त्या गुरुवारच्या अकरा दिवस आधी त्याला टेम्पोनं उडवलं. तेव्हापासून तो बेशुद्ध होता. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा.

कशाची, ते कुणी सांगत नव्हतं.

त्या दुपारी माझी सून योगिनी मला घेऊन शेडवर गेली आणि दानिशला म्हणाली, "यांची जागा कुणाला देऊ नका. हे येईपर्यंत मी करते."

"भाभी, तीन किलोचं मशीन आहे."

"बारा किलोचं पोर कडेवर घेऊन भाकरी थापल्यात मी."

दानिश हसला. त्यानं शिकायला एक जुनं काळं बॉनेट स्टँडवर ठेवलं.

"वायर खांद्यावरून मागे टाका. आधी पॅड पत्र्यावर टेकवा, मग बटण. एका जागी थांबलात की रंग जळाला. निरंजनभाऊ करतात तसं... दोन हात आडवे, दोन उभे. मग पालथ्या हातानं बघायचं, पत्रा तापला का. आणि बांगड्या काढा, ओरखडे उठतील."

योगिनीनं हात मागे घेतले. "ते दवाखान्यात पडलेत, आणि मी हात मोकळे करू?"

तिनं बांगड्यांवर चिंध्या गुंडाळल्या. पाच मिनिटांत एक चिंधी सुटली आणि पॅडमध्ये ओढली गेली. दानिशनं झटकन बोर्डातली पिन काढली.

"हात गेला असता, भाभी. राहू द्या. तुम्हाला नाही जमणार."

ती रडली नाही. उरलेल्या चिंध्या घट्ट करायला लागली. ती जागा गेली, की तोही गेला, असंच तिच्या मनानं घेतलं होतं.

माझ्या बांगड्या फोडल्या त्याला एकवीस वर्षं झाली. हात मोकळे करणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

तरी मीच बोलले. "काढ गं. कामापुरत्या. मी धरते."

साबणाचं पाणी लावून मी माझ्या हातानं तिच्या बांगड्या उतरवल्या. दानिशनं पिन परत लावली. योगिनीनं मशीन उचललं...

आणि लाईट गेली.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जातेच. त्याचं काही वाटलं नाही. पंखा थांबला. मग रस्त्यावरचा आवाजही थांबला...

एकही गाडी नाही. एकही हॉर्न नाही.

आणि मशीन सुरू झालं. घूंऽऽ...

योगिनीच्या हातातलं मशीन बंद होतं.

आवाज बॉनेटच्या पलीकडून येत होता. पलीकडे कुणी नव्हतं.

मळकट पत्र्यावर एक चकचकीत पट्टा उमटला. त्याखाली दुसरा.

मग दोन उभे...

दानिशनं पालथा हात पत्र्याला लावला आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला.

"काकू... हा निरंजनभाऊचा हात आहे."

योगिनी पुढे झुकली. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आलात?"

तो इथे आला असेल, तर तिथे खाटेवर काय उरलं?

मी तिचा हात खेचला. बांगड्या चढेनात.

"आई, थांबा ना. करू द्या त्यांना."

"नको गं बाई, नको."

एक बांगडी वाढली. मनगटातून रक्त आलं. मी बाकीच्या तशाच दामटल्या.

आवाज थांबला. शेवटचा पट्टा अर्ध्यावर राहिला.

आम्ही दवाखान्यात पोचलो. नर्स म्हणाली, पावणेतीनला त्याचं हृदय बंद पडलं होतं. चार मिनिटं. डॉक्टरांनी आशा सोडली, आणि ते सुरू झालं.

तो वाचला. चैत्रात घरी आला. जेवतो, हिंडतो, मला आई म्हणतो. शेडचं मात्र त्याला काही आठवत नाही. दानिशनं एकदा हातात मशीन दिलं, तर ते कुठून धरायचं हेही त्याला कळेना.

ते काम आता योगिनी करते.

गेल्या गुरुवारी दुपारी दानिशचा फोन आला.

"काकू, यापुढे गुरुवारी भाभींना पाठवू नका. लाईट गेली की... निरंजनभाऊ अजून इथे काम करतायत."

आतल्या खोलीत निरंजन झोपला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मी त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग तोंडून निघून गेलं,

"जेवलाय का रे तो?"