हाकेआधीची ओ

रुचिराने "बाबा" म्हटलं की दशरथ परब "ओ" म्हणत. "काय" नाही, "हं" नाही; चांगली ठणठणीत ओ. गिरणीच्या खडखडाटात निम्मं आयुष्य गेलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

आता ते बोरिवलीच्या खोलीत एकटे राहत आणि मोबाइलला बोट लावत नसत. म्हणून मुलुंडला घरून नेटवर्कचं काम करणाऱ्या रुचिराने त्यांच्या भिंतीवर एक बोलका डबा बसवला. दोन घरांच्या मध्ये व्हीपीएन, म्हणजे कोणी चोरून ऐकू नये असा खासगी रस्ता. संध्याकाळी सहाला हाक, तिकडून ओ, मग जेवणाची, औषधाची विचारपूस.

पण गेले आठ दिवस हाक पोचत होती आणि ओ काही येत नव्हती. शेजारच्या कुंदाताई शपथेवर सांगत, "अगं, देतात ना ओ! वर तुझ्यावर चिडतात, चेडू ऐकणा नाय म्हणून." त्यात भाऊ नितेशने बजावलं, "रविवारपर्यंत डबा चालला नाही ना, तर वृद्धाश्रम. रोज कोण धावणार?" बाबा तिथे चार दिवससुद्धा काढणार नाहीत, हे रुचिराला पक्कं माहीत होतं.

तिने लॉग, म्हणजे येण्याजाण्याची नोंद, उघडला. ओ तिच्या दारापर्यंत येत होती आणि फिल्टर ती फेकून देत होता.

"बरोबर आहे," ऑफिसातला भीमराज फोनवर म्हणाला. "फिल्टर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. आतून कोणी बोलावल्याची नोंद असेल तरच पाहुण्याला सोडतो. तुझी हाक नोंदली जात नसणार."

"जाते रे. सहाला. पण ओ आलीय पाच अठ्ठावन्नला."

"घड्याळं बघ."

"तीनदा बघितली. आधी काही सेकंद लवकर यायची, काल एक मिनिट, आज दोन."

"न बोलावलेलं आत घेऊ नकोस, रुचिरा."

पण रविवार परवावर आला होता. तिने नियम लिहिला: बाबांच्या डब्यातून येणारी ओ हाकेची वाट न बघता आत घे.

शनिवारी पाच सत्तावन्नला आवाज आला. "ओ. जेवलंय गो. वरण आंबट झाला."

तिला रडूच फुटलं. सहा वाजता तिने विचारलं, "बाबा, जेवलात का? वरण कसं झालं?" मग ती ओ तिने नितेशला ऐकवली. तो म्हणाला, "झकास. राहू दे मग घरीच."

पुढे अंतर वाढत गेलं. पाच मिनिटं, अर्धा तास, मग सकाळची ओ संध्याकाळच्या हाकेला. रुचिरा आधी ऐकायची, मग तोच प्रश्न नेमाने विचारायची. लाडच होते ते, दुसरं काय!

श्रावणातल्या एका सोमवारी डबा सकाळपासून थांबेचना.

"ओ. पाय दुखत नाय आता."

"ओ. जेवलंय."

"ओ. रडू नको गो बाय."

संध्याकाळपर्यंत एकशे सहा वेळा. तिने सगळं साठवून ठेवलं.

मंगळवारी सकाळी कुंदाताईंचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

तेराव्यानंतर नितेश डबा काढायला निघाला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"वेडी आहेस का गं? खोलीला कुलूप आहे."

"असेन वेडी. त्यांनी ओ देऊन ठेवलीय. मी हाकच मारली नाही, तर कसं वाटेल त्यांना?"

रोज संध्याकाळी सहाला ती साठवलेल्यांतली पुढची एकच ओ ऐकते आणि रिकाम्या खोलीला त्या दिवसाचा प्रश्न विचारते. पाय दुखतात का, बाबा? जेवलात? उत्तर ऐकलं की प्रश्न आपोआप सुचतो.

काल एकशे पाचवी झाली.

आज सहाला तिने शेवटची लावली. बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता, ठणठणीत, आणि अगदी जवळ.

"ओ. ये गो बाय. दार उघडा आसा."

रुचिराने हाक मारायला तोंड उघडलं.