सातव्या चॅनलवरची ओळ

आमचा स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं, अग्निशमनवाल्यांचं बोलणं पकडणारा रेडिओ, स्वयंपाकघरातल्या फडताळावर, मीठ-मिरपुडीच्या डब्यांशेजारी असायचा. माझ्या बहिणीचा मुलगा डॅरेल गावच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकात आहे, त्यानेच तो आणून दिला. नवरा एस्टिल खुर्चीला खिळलेला. डोंगरात कुठे काय चाललंय ते त्याला घरबसल्या कळावं म्हणून. बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत घालवून त्याची फुप्फुसं दगड झाली होती. वसंतातली फुलं काही हा बघायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

डॅरेलने आधी नियम पाठ करून घेतले. घरात ऐकायला मोकळीक, पण केंटकीत तो गाडीत ठेवून हिंडायचं नाही. ऐकलेलं गावभर करायचं नाही. अपघात ऐकला की बघायला धावायचं नाही. मग बटणं दाखवली. यंत्र एका चॅनलवरून दुसऱ्यावर फिरत राहतं, बोलणं सापडलं की थांबतं, ते स्कॅन. नुसती खरखर अडवायची ती स्क्वेल्चची कळ. आणि जो चॅनल नकोच असेल तो लॉकआउट करायचा, मग यंत्र त्याच्या दारावर थांबतच नाही. सातवा चॅनल बंद पडलेल्या खाणीचा होता. डॅरेलने तो असाच कुलूपबंद केला.

"आणि ओवामावशी, याला कान आहेत, तोंड नाही. तू कितीही बोललीस तरी पलीकडे जायचं नाही."

"असली बायको मिळते हे लग्नाआधी सांगायचं होतंस," एस्टिल म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

आम्ही जुन्या वळणाचे बाप्टिस्ट ख्रिस्ती. आमच्या प्रार्थनाघरात वाद्य नाही. प्रवचन करणारा बोलता बोलता गायला लागतो, श्वासागणिक सूर चढत जातो आणि माझे डोळे भरून येतात. साठ वर्षं ऐकतेय, मन भरत नाही. भजनात एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती झेलून सावकाश, लांबवून गायची. एस्टिलचा थोरला भाऊ बर्चेल ओळ द्यायचा. त्याच बंद पडलेल्या खाणीचं छत कोसळून तो गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. एस्टिल दोन वर्षांत एक सूर गायला नव्हता. त्याचं गाणं पुन्हा एकदा कानावर पडू दे, एवढंच मी देवाकडे मागत होते.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी मी शेंगा मोडत बसले होते. दहा वाजून दहा मिनिटांनी स्कॅनर थांबला. पडद्यावर सात.

खरखर नव्हती. आधी कुणीतरी श्वास घेतला. मग ओळ आली, 'पैलतीरी माझ्या घरी दिवा लागला.' आवाज बर्चेलचा होता.

मग शांतता. ओळ देणारा थांबतो तशी.

सवयीने मी ती झेलली. सावकाश, पूर्ण. शेवटचा सूर सोडला त्याच क्षणी पलीकडून पुढची ओळ आली. एक कडवं झालं आणि स्कॅनर आपला रुग्णवाहिकेच्या बोलण्याकडे निघून गेला.

संध्याकाळी डॅरेलने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. सात कुलूपबंदच होता.

मंगळवारी त्याच वेळी तो आवाज पुन्हा आला; मी मुद्दाम ओळ अर्ध्यात सोडली. पलीकडचा श्वास ऐकू येत राहिला. मी ती पुरी केली, तेव्हाच पुढची आली.

बुधवारी एस्टिल गायला. खोकला नाही, धाप नाही. मी अॅप्रन डोळ्यांना लावून रडले. गुरुवारी त्याने मक्याच्या पावाचे दोन तुकडे मागून खाल्ले. शुक्रवारी काठी न घेता ओसरीपर्यंत गेला.

त्या भजनाला सहा कडवी आहेत; रोज एक याप्रमाणे शुक्रवारी पाचवं झालं होतं. सहावं सुरू होतं 'हात दे भावा, निघू आता' असं. ते लागलं की आमच्याकडे सगळे उठतात, एकमेकांचे हात हातात घेतात, आणि सभा संपते.

शनिवारी दहा वाजता मी स्कॅनरची वायर काढली. बॅटऱ्याही काढल्या.

"ओवा," एस्टिल म्हणाला, "आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावू नये."

"बर्चेल एकटा परत जायचा नाही, एस्टिल."

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली. यंत्र गप्प होतं. एस्टिलने उजवा हात टेबलावरून पुढे केला, प्रार्थनाघरात करतात तसा. थोडा वेळ तो हात, कुणी धरून हलवावा तसा, हवेत हलकेच खालीवर होत राहिला. मग त्याने तो मांडीवर घेतला.

ती थंडी त्याने काढली. वसंतात डॉगवूडची झाडं फुलून गेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आता प्रार्थनाघरात ओळ देतो, मी झेलते, आणि सहावं कडवं आम्ही दोघंही गात नाही. देवाने माझ्या मागण्याहून जास्त दिलं. स्कॅनर तळातल्या खणात आहे. रोज दहा वाजून दहा मिनिटांनी एस्टिल हात पुढे करतो, क्षणभर धरतो, परत घेतो. त्याचीही मला सवय झाली.

आज दुपारी मी त्याला घेवड्याची वाटी वाढली. तो डाव्या हाताने खात होता. उजवा टेबलावर पुढेच होता, बोटं दाबल्यासारखी पांढरी पडलेली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो समाधानाने म्हणाला. "आज अजून सोडला नाही त्याने."